गाडी भरली, माल पोचेल का? विदर्भातल्या मालवाहतुकीतली चोरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन, तूर, कापसाच्या गाठी, संत्री बाहेर पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या, गावात खरेदी करणारे व्यापारी आणि एक-दोन गाड्यांवर धंदा चालवणारे मोटर मालक यांच्यासाठी हे पान आहे. कंटेनर आणि बंदरं धरून लिहिलेले सल्ले आपल्याकडे फारसे कामाचे नाहीत. आपली गाडी उघडी असते, वर ताडपत्री असते आणि भरती पुष्कळदा रात्री आठनंतर सुरू होते. इथले प्रश्न तेवढ्यापुरतेच आहेत.

आमच्या भागात चोरी नेमकी होते कुठे? हायवेवर की ढाब्यावर?

लोकांच्या डोक्यात पहिलं चित्र येतं ते रात्री गाडी आडवून लुटल्याचं. तसं घडतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण इकडच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर बहुतेक माल तीन ठिकाणी जातो: भरतीच्या जागी, धरमकाट्यावर (अख्खी गाडी तोलतात तो काटा) आणि खाली करताना. खोट्या नंबरची गाडी लागते आणि आपणच ती आपल्या हमालांकडून भरून देतो. वजनात खेळ होतो. मोजणी घाईत होते आणि दहा-वीस कट्टे, म्हणजे पोती, हिशोबाबाहेर राहतात. रस्ता नंतर येतो. म्हणून या पानावर जास्त जागा भरतीच्या त्या दोन-तीन तासांना दिली आहे.

हंगामही लक्षात घ्या. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे एकदम बाजारात येतं, मागोमाग कापूस सुरू होतो, जानेवारीपासून तूर. गाड्या कमी पडतात, भाडं चढतं, पाऊस येईल म्हणून माल हलवायची घाई असते. एरवी ज्याला दारात उभं केलं नसतं अशी गाडी याच दिवसांत आपण भरून मोकळे होतो.

अनोळखी गाडी लागली तर भरण्याआधी काय तपासायचं?

पहिल्यांदा नंबर. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की वाहनाचा प्रकार, मॉडेल, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात, पण तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. समोर दहा चाकी उभी आहे आणि अॅप पिकअप दाखवतंय, तर तिथेच थांबा. नंबर प्लेट उच्च सुरक्षा प्रकारची असेल तर तिचं न उघडणारं लॉक शाबूत आहे का ते हात लावून बघा. साध्या स्क्रूवर बसवलेली किंवा कडा वाकलेली प्लेट दिसली की चेसिस नंबर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, ताडून पाहायचा. चेसिस नंबर गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. चिखल असेल तर पाण्याचा मग घ्या आणि धुवा. ड्रायव्हरला राग येईल, येऊ द्या. जो खरा असतो तो स्वतःच कुठे बघायचं ते दाखवतो.

दुसरं, मालकाला फोन. पण ड्रायव्हरने दिलेल्या नंबरावर नाही, कारण त्या टोकाला त्याचाच जोडीदार बसलेला असू शकतो. दलालाकडून, आरसीवरच्या पत्त्याच्या गावातल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून किंवा आधीच्या बिल्टीवरून (माल घेताना ट्रान्सपोर्टवाला फाडतो ती पावती) नंबर काढा. मालकाला एवढंच विचारा की तुमची गाडी आज कुठे उभी आहे आणि त्यावर ड्रायव्हर कोण आहे. उत्तर अडखळलं तर समजून जा.

तिसरं, पैसे कुठे मागतात. अॅडव्हान्स ज्या खात्यात मागितला ते खातं आरसीवरच्या मालकाच्या किंवा नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्टच्या नावाचं आहे का? ‘भाच्याच्या खात्यात टाका’ ही विनंती प्रामाणिक माणूसही करतो, हे खरं. तरीही नाही म्हणायचं.

चौथं, फोटो. ड्रायव्हर नंबर प्लेटशेजारी उभा, चेहरा उघडा. लायसन्सचा फोटो, दोन्ही बाजू. गाडीचा फोटो चारही बाजूंनी, त्यात केबिनवरची रंगरंगोटी, बंपरवरची अक्षरं, फुटलेला दिवा, पत्र्यावरचा पोचा. नंबर दहा मिनिटांत बदलता येतो, केबिनवरचं चित्र तितक्या लवकर बदलत नाही, आणि शोध घेताना पोलिसांना त्याचाच उपयोग होतो.

बाजारात भाडं जे चाललंय त्याहून बरंच कमी सांगणारी गाडी आली, तर आनंद आवरा.

गाडी दलालाने दिली. माल गेला तर जबाबदार कोण?

बिल्टीवर ज्याचं नाव आहे तो. म्हणून बिल्टी कोण फाडतोय ते महत्त्वाचं. नुसता व्हॉट्सअॅपवर गाडी नंबर पाठवून कमिशन घेणारा दलाल उद्या म्हणेल, ‘मी तर फक्त गाठ घालून दिली.’ बिल्टी देणारा ट्रान्सपोर्टवाला मात्र रस्त्याने माल वाहून नेण्याच्या २००७ च्या कायद्याखाली येतो. हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे, आणि सार्वजनिक मालवाहकाने नोंदणी करणं त्यात बंधनकारक आहे. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं माल पाठवणाऱ्यावर नाही, हा त्यातला आपल्या बाजूचा भाग.

विरुद्ध बाजूचाही एक भाग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित आहे. हिशोब करून बघा. १८ टन सोयाबीन म्हणजे १८० क्विंटल. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपयांनी, त्याची किंमत ९ लाख ५९ हजारांवर जाते. भाडं समजा २५ हजार ठरलं, तर दहापट म्हणजे अडीच लाख. उरलेले सात लाख कुठून आणणार? मर्यादा वाढवायची तर मालाची किंमत आधी जाहीर करून जादा जोखमीचा दर लेखी ठरवावा लागतो. किंमत कमी लिहून थोडा खर्च वाचवायची सवय अशा वेळी महागात पडते, कारण जाहीर किमतीच्या वर काहीच मिळत नाही.

अजून एक तारीख लिहून ठेवा. दावा लावायचा असेल तर माल बुक केल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस गेली पाहिजे. ‘करू, बघू, सेटल करू’ असं म्हणत सहा महिने काढणारे ट्रान्सपोर्टवाले या मुदतीला चांगलेच ओळखून असतात.

इथल्या काट्यावर वजन बरोबर, तिकडे साडेतीन क्विंटल तूट. ड्रायव्हर म्हणतो माल सुकला. खरं असू शकतं का?

थोडं खरं असू शकतं, म्हणून तर हे कारण चालतं. १४ टक्के ओलाव्याचं सोयाबीन १३ टक्क्यांवर आलं तर १८ टनांत साधारण दोन क्विंटल वजन उतरतं. पण कट्ट्यात शिवलेला, ताडपत्रीखाली दाबलेला माल दोन दिवसांत एवढा सुकत नाही. वाद मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे भरताना ओलावा मोजून तो आकडा बिल्टीवर लिहायचा आणि खाली होताना परत मोजायला सांगायचा. ओलावा तोच आणि वजन कमी, म्हणजे माल कोणीतरी काढला.

काढतात कसा, ते एकदा समजून घ्या. धान्याचा नमुना बघायची परखी सगळ्यांनी पाहिली आहे, टोकदार, पोकळ, पन्हाळीसारखी. ज्यूटच्या कट्ट्यात ती खुपसली की दाणे आपोआप ओघळतात. परखी काढून बोटाने दोनदा चोळलं की वीण पुन्हा जुळते, शिलाईला धक्का नाही, कट्ट्यांची मोजणी बरोबर. एका कट्ट्यातून किलोभर काढलं तर उचलणाऱ्या हमालालाही कळत नाही. ५० किलोचे ३६० कट्टे असतील तर ३६० किलो झाले, हमीभावाने १९ हजारांचा माल. एका फेरीतली ही कमाई ड्रायव्हरच्या पगाराशी लावून बघा. सगळ्या कट्ट्यांपर्यंत हात पोचत नाही, म्हणून वरच्या थरातून आणि कडेच्या ओळीतून जास्त काढतात. त्यासाठी खाली करताना वरचे आणि मधले असे दहा-दहा कट्टे वेगळे तोलायला सांगा. दोन्हींच्या सरासरीत फरक आला तर बोलायला जागाच उरत नाही.

मग काट्याचे खेळ. रिकाम्या गाडीचं वजन करताना टाकी जवळजवळ कोरडी आणि भरल्यावर काट्यावर येण्याआधी टाकी फुल, असं झालं तर ३०० लिटर डिझेलचे अडीचशे किलो मालाच्या नावावर चढतात. वाटेत तेवढाच माल उतरवला की कागदावर सगळं जुळतं. पाण्याचे ड्रम, जादा टायर, क्लिनर केबिनमध्ये बसलाय की उतरलाय, यांचंही तेच. उपाय एकच: रिकामं आणि भरलेलं वजन एकाच काट्यावर, मधे पंपावर न जाता, दोन्ही वेळा केबिन रिकामी, आणि तुमचा माणूस हजर. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का तेही बघा. ही पडताळणी दरवर्षी करावी लागते.

सरळ हिशोबाची तूटही असतेच. ती किती चालेल ते आधी ठरवून बिल्टीवर लिहा. न लिहिलेली तूट नेहमी ड्रायव्हरच्या बॅलन्समधून, म्हणजे द्यायच्या राहिलेल्या भाड्यातून, कापली जाते, आणि असं दोनदा कापलं गेलं की तिसऱ्या फेरीला तो ती भरून काढायची वाट शोधतो.

कट्टे मोजूनच भरले होते. तरी बावीस कमी कसे?

कोणी मोजले, हा पहिला प्रश्न. हमाल ओरडून आकडा सांगतात आणि मापारी रेघा ओढतो, इथपर्यंत ठीक. पण तो मधेच चहाला गेला की दोन पाळ्या जास्तीच्या लागतात किंवा राहतात. दुसरी मोजणी थप्पीवरून करा: एका थरात किती कट्टे, किती थर. इथे एक फसवणूक आहे. बाहेरच्या ओळी भरून मध्ये पोकळी ठेवली तर चारही बाजूंनी थप्पी पूर्ण दिसते. म्हणून प्रत्येक थर पूर्ण झाल्यावर वरून फोटो घ्यायचा. आठ-दहा फोटो होतात, त्याला काही खर्च नाही.

कट्ट्यांची शिलाई वेगळ्या रंगाच्या सुतळीने करून घेतली तर माल बदलला की लगेच दिसतं. काही कंपन्या बारदान्यावर स्वतःचा शिक्का मारतात. दोन्ही करा. पुढे पोलिसांसमोर ‘हा माझाच माल’ हे दाखवायला दुसरं काही नसतं, सोयाबीनच्या दाण्यावर नाव नसतं.

उघड्या गाडीला सीलचा काय उपयोग?

कंटेनरला असतो तसा नाही. पण ताडपत्रीच्या कड्यांमधून आणि दोराच्या शेवटच्या गाठीतून बारीक तार ओवून तिला नंबरचं प्लास्टिक सील लावता येतं. ते चोर अडवत नाही, पण कुठे उघडलं गेलं ते सांगतं, आणि नंबर बिल्टीवर असला की बदलता येत नाही. ताडपत्रीला आधीच असलेली भोकं, ठिगळं यांचे फोटो घ्या, नाहीतर नवीन काप जुना म्हणून खपतो. घाटात किंवा खराब रस्त्यावर गाडी पायी चालल्यासारखी सरकते तेव्हा मागून चढून कट्टे खाली टाकतात. अशा ठिकाणी मागच्या फळीकडचा दोर दुहेरी असलेला बरा.

जीपीएस लावलं म्हणजे झालं का?

नाही. डॅशबोर्डखाली वायरने जोडलेलं यंत्र कुठे असतं ते चोराला ठाऊक असतं, पहिली वायर तीच तुटते. किमती माल असेल तर बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र कट्ट्यांच्या थरात टाका आणि ते कुठे आहे ते ड्रायव्हरला सांगू नका. खाली करणाऱ्या पार्टीला मात्र सांगून ठेवा, नाहीतर यंत्र डाळ मिलच्या चाळणीत निघेल.

खरी अडचण वेगळी आहे. स्क्रीन बघतो कोण? रात्री दोन वाजता गाडी ठरलेल्या रस्त्यावरून आत वळून चाळीस मिनिटं थांबली, हे सकाळी नऊला कळून काय फायदा? ज्याच्या फोनवर अलार्म वाजेल आणि जो उठून ड्रायव्हरला फोन करेल असा माणूस नेमला नसेल तर यंत्राचे पैसे वाचवा. डोंगरपट्ट्यात नेटवर्क जातं, तेव्हा ‘गाडी दिसत नाही’ म्हणून लगेच घाबरू नका. पुष्कळ यंत्रं नोंद साठवून ठेवतात आणि रेंज आली की पाठवतात.

फुकटचा मागोवा फास्टॅगचा. टोलवर पैसे कापले की मालकाच्या मोबाइलवर नाक्याचं नाव आणि वेळ येते. ते मेसेज तुम्हाला पुढे पाठवायचे, ही अट भाडं ठरवतानाच घाला.

समृद्धीने पाठवावं की जुन्या रस्त्याने?

नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. चढायच्या-उतरायच्या जागा ठरलेल्या, दोन्ही ठिकाणी नोंद होते, त्यामुळे गाडी कधी चढली आणि कुठे उतरली हा पुरावा आयता मिळतो. अंतराच्या मानाने वेळ फार लागला तर विचारता येतं. दुसऱ्या बाजूने, वस्ती लांब, ढाबे नाहीत, सोयी विरळ. झोप अनावर झालेला ड्रायव्हर कडेला गाडी लावून झोपतो आणि सकाळी डिझेलची टाकी रिकामी सापडते. अकोला-अमरावती-नागपूर हा जुना सहा नंबर, आताचा ५३, गजबजलेला आहे. तिथे गाडी थांबवायला ओळखीचे ढाबे आणि पंप मिळतात, पण वळायला वाटाही शंभर. माझं मत विचाराल तर दिवसा समृद्धी, आणि मुक्काम पडणारच असेल तर तो उजेड असलेल्या, कॅमेरा असलेल्या पंपावर, मग रस्ता कोणताही असो.

ड्रायव्हरला काय सांगून पाठवायचं?

सांगण्याआधी त्याला काय देताय ते बघा. जेवणाचे पैसे तोकडे दिले तर तो फुकट चहा पाजणाऱ्याकडे थांबतो. ‘सकाळी सहाला खाली झालीच पाहिजे’ म्हटलं तर तो झोपेत चालवतो आणि जिथे डोळा लागेल तिथे थांबतो. माल गेला की पहिला संशय त्याच्यावर, पहिली रात्र ठाण्यात त्याची, आणि त्यात कित्येकदा त्याचा काही दोष नसतो. ज्या मोटर मालकांकडे तोच ड्रायव्हर वर्षानुवर्षे टिकून आहे त्यांच्या गाडीतून माल जात नाही, हे कोणत्याही अडत्याला विचारा.

सांगायचं ते थोडंच. वाटेत कोणाला बसवायचं नाही. कुठून कुठे आणि काय माल, हे ढाब्यावर बोलायचं नाही. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं-प्यायचं नाही. गुंगीचं औषध दिल्याचा संशय आला तर लगेच सरकारी दवाखान्यात रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी लागते, उशीर झाला की त्यात काही सापडत नाही. ‘तुमचा टायर पेटलाय’ असं शेजारून जाणारा ओरडला तरी अंधारात थांबायचं नाही, आरशात बघत पुढच्या पंपापर्यंत जायचं. आणि खरंच कोणी शस्त्र दाखवून आडवलं तर चावी द्यायची, हात उचलायचा नाही. मालाचा विमा निघतो. ११२ हा नंबर कुठूनही लागतो, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

वाटेत फोन आला, ‘गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत टाकतो.’ काय करायचं?

या एका फोनवर सगळ्यात जास्त सावध व्हा. आधी व्हिडिओ कॉल: बंद पडलेली गाडी, आजूबाजूची दुकानं, मेकॅनिक. लोकेशन मागवा. मालकाशी वेगळं बोला. नवीन गाडीची पहिल्यासारखीच सगळी तपासणी झाल्याशिवाय एकही कट्टा हलवू देऊ नका, जवळपासच्या ओळखीच्या माणसाला तिथे उभं करा.

ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा, इथे खरा उपयोग होतो. करपात्र मालाला, जसं कापसाच्या गाठींना, परराज्यात ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ते लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बदलली की त्यात नवा नंबर भरावाच लागतो. तो भरायचा अधिकार स्वतःकडे ठेवा, म्हणजे परस्पर गाडी बदलली तर कागद आणि गाडी जुळणार नाहीत.

संत्र्याच्या गाडीचं वेगळं काय?

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा माल नासणारा. चोराला तो लपवून ठेवता येत नाही, त्यामुळे पूर्ण गाडी पळवण्यापेक्षा कॅरेट कमी होणं, वरचा चांगला माल काढून खाली बारीक भरणं हेच जास्त. आणि सगळ्यात मोठी गळती रस्त्यावर नाहीच. लांबच्या मंडीतला माणूस फोनवर सांगतो, ‘तीस कॅरेट सडके निघाले.’ खरे की खोटे, इथून कळत नाही. खाली होतानाचा व्हिडिओ त्या दिवशीच मागा, दुसऱ्या दिवशीचा सडका माल कोणाचाही असू शकतो. रिकामे कॅरेट परत यायची नोंदही ठेवा.

डिझेल चोरी?

जाळीचं झाकण, कुलूप, आणि टाकीकडची बाजू भिंतीला लावून गाडी उभी करणं. याहून भारी उपाय विकायला येणारे बरेच असतात, एका गाडीच्या मालकाला ते परवडत नाहीत.

विमा कोणता घ्यायचा? गाडीचा तर आहेच.

गाडीच्या विम्यातून मालाचा एक रुपया मिळत नाही. मालासाठी अंतर्गत वाहतूक विमा वेगळा असतो, त्याचे ए, बी आणि सी असे प्रकार. सी म्हणजे आग आणि वीज. बी मध्ये अपघात, गाडी उलटणं येतं. चोरी नीट हवी तर ए घ्या, किंवा बी वर चोरी आणि माल न पोचणं हे कलम जादा हप्ता भरून जोडून घ्या. स्वस्तात मिळाली म्हणून सी घेतलेली पॉलिसी कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत.

फेऱ्या जास्त असतील तर हंगामाची एकच ओपन पॉलिसी काढून प्रत्येक गाडी कळवत जायची. माल जातो ती गाडी नेमकी न कळवलेलीच निघते. नैसर्गिक वजनघट कोणतीच पॉलिसी देत नाही. आणि दावा करताना विमा कंपनी विचारते, की वाहकाला नोटीस दिली का? वर सांगितलेली १८० दिवसांची नोटीस इथेही लागते.

गाडी गायब झाली, फोन बंद. पहिले काही तास काय करायचं?

११२ ला फोन, नंबर, रंग, शेवटचं ठिकाण. मालकाकडून फास्टॅगची शेवटची नोंद. मग धरमकाटा, पंप, शेवटचा टोलनाका, इथले कॅमेरे. फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचं पत्र पोलिसांकडून पहिल्याच दिवशी जाईल असं बघा. मोबाइलवर शूट करून आणलेलं फुटेज कोर्टात पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.

एफआयआर कुठे, यात वेळ घालवू नका. माल कारंज्यात भरला, खवासा ओलांडून मध्य प्रदेशात गायब झाला, तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद होते आणि पुढे वर्ग होते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ज्याच्या ताब्यात विश्वासाने माल दिला त्यानेच तो लांबवला असेल, तर माल जिथे ताब्यात दिला तिथल्या ठाण्यालाही अधिकार आहे.

ठाण्यात म्हणतात, ‘हे तुमचं देण्याघेण्याचं प्रकरण, दिवाणी आहे.’

भाड्याचा वाद दिवाणी. माल परस्पर विकणं गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत माल वाहून नेणाऱ्या वाहनातून चोरी कलम ३०५ मध्ये येते, वाहकाने केलेला विश्वासघात ३१६(३) मध्ये, नोकराने केलेली चोरी ३०६ मध्ये. तिन्हीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाच किंवा जास्त जणांनी लुटलं तर तो दरोडा, कलम ३१०. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही ३१७ लागतं, हे विसरू नका, कारण चोरलेलं सोयाबीन शेवटी कुठल्यातरी दुकानात पावतीशिवाय विकलंच जातं.

तक्रार तोंडी सांगू नका. बिल्टी, काट्याच्या दोन्ही पावत्या, फोटो, फोनचे तपशील जोडून लेखी द्या आणि पोच घ्या. तरी घेतली नाही तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

आपलाच माणूस सामील असेल तर?

असतो पुष्कळदा, निदान बातमी देणारा तरी. पण सगळ्या हमालांना संशयाने वागवून काही हाती लागत नाही, उलट जो सांगणार होता तोही गप्प बसतो. गाडी कधी सुटणार आणि कोणत्या रस्त्याने, हे दोघांपेक्षा जास्त जणांना माहीत नको. भरणारा, मोजणारा आणि बिल्टीवर सही करणारा वेगवेगळा ठेवा. नवीन चौकीदार किंवा ड्रायव्हर ठेवताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा, ऑनलाइन अर्ज होतो.

व्यापाऱ्याने दारातून माल नेला, पैसे दिलेच नाहीत. हीपण चोरीच ना?

ही फसवणूक, आणि गावाकडे ती चोरीपेक्षा जास्त घर बुडवते. बाजार समितीचं लायसन्स बघितल्याशिवाय, काटापट्टी घेतल्याशिवाय माल देऊ नका. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत, बँकेचा मेसेज किंवा खातं बघा आणि मगच गाडीला रस्ता द्या. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३०.

माल सापडला, पण ठाण्यात अडकला. परत कसा मिळवायचा?

पंचनाम्याला हजर राहा आणि वजन तुमच्यासमोर होऊ द्या. सुतळीचा रंग, बारदान्यावरचा शिक्का, सील नंबर पंचनाम्यात लिहून घ्या. विमा असेल तर सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका. मग कोर्टात अर्ज करायचा, बंधपत्र देऊन माल सुपुर्दनाम्यावर मिळतो. संत्र्यासारखा नासणारा माल असेल तर तो विकून पैसे जमा ठेवण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, अर्जात तसं स्पष्ट मागा आणि पहिल्याच दिवशी मागा. आदेश येईपर्यंत गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहते आणि ताडपत्री बहुतेक वेळा चोरांनी कापलेली असते. ठाणे अंमलदाराला विचारून दुसरी ताडपत्री घेऊन जा, अंथरतानाचा फोटो घ्या आणि तशी नोंद करायला सांगा.